डॅशकॅम चालू होता, पण कार्ड भरल्यामुळे अकरा दिवसांचे रेकॉर्डिंगच झाले नाही

होटगी रोड (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या आठवड्यात आसरा चौकात गर्दीमुळे थांबलो असताना एका मालवाहू रिक्षाने माझ्या गाडीचा मागचा बंपर उजव्या कोपऱ्यात फोडला, आणि खाली उतरून चालकाने उलट मलाच ऐकवले की गाडी तुम्ही मागे घेतलीत. मी वाद घातला नाही, कारण पुढच्या आणि मागच्या दोन्ही काचांवर कॅमेरे आहेत आणि सगळे रेकॉर्ड होत आहे, अशी माझी पक्की समजूत होती. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावले तेव्हा कळले की शेवटची फाइल अकरा दिवसांपूर्वीची आहे.

कॅमेरा दीड वर्षापूर्वी घेतला. कार्ड ६४ जीबीचे असून लूप रेकॉर्डिंग पहिल्या दिवसापासून चालू आहे आणि प्रत्येक फाइल एक मिनिटाची आहे. कार्ड भरले की सर्वांत जुनी फाइल आपोआप पुसली जाते, असे बसवणाऱ्याने सांगितले होते आणि माहितीपत्रकातही तसेच छापले आहे. मग कार्ड भरून रेकॉर्डिंग थांबले कसे? कॅमेरा सूचना देत असणार, परंतु गाडी सुरू करताना होणारा त्याचा आवाज घरच्यांना नकोसा झाल्यामुळे मीच तो बंद करून ठेवला होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

कार्ड रिकामे करण्याची योग्य पद्धत कोणती, आणि ते किती दिवसांनी करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

विजापूर वेस

आपण कार्डवरचे फोल्डर उघडून पाहिले आहेत का? बहुतेक कॅमेऱ्यांमध्ये निदान दोन फोल्डर असतात. एकात नेहमीचे रेकॉर्डिंग जाते आणि दुसऱ्यात लॉक झालेले. त्या दुसऱ्याचे नाव कंपनीनुसार बदलते, कुठे ते ‘इव्हेंट’ असते तर कुठे ‘इमर्जन्सी’. कॅमेऱ्यात धक्का ओळखणारा जी-सेन्सर असतो आणि गाडीला धक्का बसला की त्या वेळची फाइल तो या दुसऱ्या फोल्डरात बंद करून ठेवतो. लूप रेकॉर्डिंग जुन्या फाइली पुसते हे खरे, परंतु ते लॉक झालेल्या फाइलींना हात लावत नाही, कारण अपघाताचा पुरावा पुसला जाऊ नये हाच तर त्या लॉकचा हेतू आहे. काही कॅमेरे अशा फाइलींसाठी कार्डाचा ठराविक हिस्सा राखतात आणि तो भरला की त्यातल्या जुन्या फाइली पुसतात. काही कॅमेऱ्यांत मात्र अशी मर्यादा नसते. आपला कॅमेरा दुसऱ्या प्रकारचा असावा, असा माझा अंदाज आहे. दोन्ही फोल्डरांचा आकार पाहून इथे लिहा.

कडक भाकरी

एवढ्या चौकशीची आवश्यकता नाही. ६४ काढून २५६ जीबीचे कार्ड टाका आणि विसरून जा. मी तेच केले आहे.

होटगी रोड (धागाकर्ता)

विजापूर वेस, आपला अंदाज तंतोतंत खरा ठरला. लॅपटॉपवर ६४ जीबीचे कार्ड ५९.५ जीबी दिसते, आणि त्यातले ५८.६ जीबी एकट्या इव्हेंट फोल्डरात आहेत. त्यात एकूण ६१६ फाइली आहेत, म्हणजे पुढच्या कॅमेऱ्याच्या ३०८ आणि मागच्या ३०८. नेहमीच्या फोल्डरात जेमतेम चार मिनिटांचे रेकॉर्डिंग उरले होते.

उत्सुकतेपोटी काल रात्री त्या फाइली एकेक करून पाहायला बसलो. दीड वर्षात ३०८ वेळा अपघाताची वेळ आली असती तर हा धागा लिहायला मी उरलो नसतो! जवळपास दोनशे फाइलींमध्ये एकच गतिरोधक आहे. तो आमच्या वसाहतीच्या तोंडाशी लोकवर्गणीतून बांधलेला असून त्याची उंची कोणत्याही नियमात बसणारी नाही. सकाळी पावणेआठ वाजता गाडी त्यावरून उतरते, चित्र एकदा वर उडून खाली येते, डावीकडे लिंबाच्या झाडाखाली तेच पिवळे कुत्रे मान वर करून पाहते आणि पुन्हा झोपते. हे दृश्य दोनशे वेळा जपून ठेवण्यासाठी कॅमेऱ्याने माझ्या बंपरचा पुरावा सोडून दिला. उरलेल्या फाइलींमध्ये खड्डे आहेत, मोहोळच्या अलीकडचे एक वळण आहे, आणि चिरंजीवांनी डिकी जोरात आपटल्याचे बरेच प्रसंग आहेत.

विजापूर वेस

मग रोगाचे निदान झाले. सेटिंगमध्ये जी-सेन्सरची संवेदनशीलता बहुधा ‘उच्च’ किंवा ‘मध्यम’ असेल, ती ‘कमी’ वर आणा. कडक भाकरी यांच्या सल्ल्याबद्दल आदरपूर्वक सांगतो की नुसते मोठे कार्ड टाकून हा प्रश्न सुटत नाही, लांबतो. ६४ जीबी भरायला दीड वर्ष लागले असेल तर २५६ जीबी भरायला सहा वर्षे लागतील हे गणित बरोबर आहे, परंतु त्या काळात मोकळी जागा हळूहळू आक्रसत जाते आणि ती कधी संपली हे कळत नाही. शिवाय किती क्षमतेपर्यंतचे कार्ड चालते ते कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. काही कॅमेरे १२८ च्या पुढचे कार्ड ओळखत नाहीत, काही ओळखतात आणि मध्येच अडतात.

कडक भाकरी

माझा कॅमेरा ओळखतो. तरीही आपले वाचून आत्ताच खाली जाऊन इव्हेंट फोल्डर पाहिला, त्यात ९० जीबी निघाले. मुद्दा मान्य.

गड्डा मैदान

माझ्या दोन प्रवासी गाड्या आहेत. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर अशा फेऱ्या रोज चालतात आणि गाणगापूरही असते. गाडी दिवसाला दहा तास रस्त्यावर असल्यामुळे कार्डाच्या बाबतीत मला जे शिकावे लागले ते लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या कार्डात किती वेळ मावतो हे प्रत्येकाने स्वतः मोजून ठेवावे, वेष्टनावरच्या तक्त्यावर विसंबू नये. एक मिनिटाची पुढची फाइल आणि तिच्याच वेळेची मागची फाइल घेऊन दोन्हींचा आकार मिळवावा आणि कार्डाच्या एकूण जागेला त्याने भागावे. धागाकर्त्यांनी दिलेल्या आकड्यांवरून त्यांच्या एका मिनिटाच्या जोडीला सुमारे १९५ एमबी लागतात, म्हणजे तासाला साडेअकरा जीबीच्या आसपास. याचा अर्थ ६४ जीबीचे कार्ड पूर्ण रिकामे असले तरी त्यात सव्वापाच तास मावतात. सोलापूरहून निघून, वाटेत एकदा चहाला थांबून पुण्यात पोचेपर्यंत सोलापुरातले रेकॉर्डिंग पुसायला सुरुवात झालेली असते. पुष्कळांचा समज असा असतो की कार्डात महिनाभराचे सगळे आहे. महिनाभराचे काहीच नसते. असतात ते शेवटचे काही तास.

दुसरी गोष्ट कार्डाच्या झिजेची. धागाकर्ते दिवसाला दोन तास गाडी चालवत असतील तर मोकळे कार्ड अडीच दिवसांत एकदा पूर्ण लिहून होते, म्हणजे वर्षाला एकशे चाळीसच्या आसपास वेळा. माझ्या गाडीत तेच कार्ड दिवसातून दोनदा लिहून पुसले जाते. मोबाइलमध्ये घालायचे साधे कार्ड यासाठी बनवलेले नसते, आणि पुष्कळ कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत डॅशकॅमसारखा सततचा वापर वगळलेला असतो. त्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ असे स्पष्ट लिहिलेले कार्ड मिळते, तेच घ्यावे. वेगाचे म्हणाल तर यू३ किंवा व्ही३० ही खूण पाहावी. याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. आपल्या कॅमेऱ्याला प्रत्यक्षात सेकंदाला तीन-साडेतीन एमबीच लागतात, तेव्हा त्याहून महाग वेगासाठी पैसे घालवू नयेत. तेच पैसे क्षमतेवर घालावेत. क्षमता दुप्पट केली की त्याच वापरात प्रत्येक जागा निम्म्या वेळा पुसली जाते, म्हणून झीजही निम्मी होते. तेवढ्यापुरते कडक भाकरी यांचे म्हणणे बरोबरच आहे.

एक फसवणूकही सांगतो. फुटपाथवरच्या एका ठेल्यावरून मी १२८ जीबीचे कार्ड निम्म्या किमतीत आणले होते. संगणकाला लावल्यावर ते १२८ जीबीचेच दिसायचे, परंतु पहिला तास-सव्वा तास सोडला तर पुढच्या सगळ्या फाइली उघडत नव्हत्या. आत खरी जागा १६ जीबीची निघाली. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम पूर्ण कार्ड भरून आणि परत वाचून असा खोटेपणा उघड करतो. त्याला बराच वेळ लागतो, पण नवे कार्ड गाडीत घालण्यापूर्वी मी ते आता न चुकता करतो.

होटगी रोड (धागाकर्ता)

सव्वापाच तासांचा हिशेब वाचून मी खरोखर चपापलो. आता पुढचा प्रश्न विचारतो. या ६१६ फाइली लॅपटॉपवरून निवडून पुसू, की सरळ फॉरमॅट करू? फॉरमॅट करायचे तर लॅपटॉपवर की कॅमेऱ्यातच?

कंबर तलाव

फॉरमॅट कॅमेऱ्यातच करावे, असे माझे ठाम मत आहे. कारण असे की कॅमेरा स्वतःला हवी ती फाइल व्यवस्था आणि हवे ते फोल्डर त्या वेळी तयार करून घेतो. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांना फॅट३२ आणि ६४ पासून पुढच्यांना एक्सफॅट अशी प्रमाणित पद्धत आहे, परंतु काही कॅमेरे मोठ्या कार्डावरही फॅट३२ च मागतात, आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षे ३२ जीबीच्या पुढे तो पर्यायच दाखवत नव्हती. कार्ड अगदीच बिघडून कॅमेऱ्यात फॉरमॅट होत नसेल, तर एसडी असोसिएशनचा मोफत फॉरमॅटर संगणकावर चालवावा आणि त्यानंतर पुन्हा एकदा कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे.

निवडून पुसण्याने काम भागते, पण काही महिने तसेच करत राहिल्यास कार्डावर जागोजागी तुकडे पडतात आणि एखाद्या दिवशी कॅमेरा ‘कार्ड मंद आहे’ अशी तक्रार करू लागतो. फॉरमॅट केल्याने पाटी पुन्हा कोरी होते. मात्र लक्षात ठेवा की फॉरमॅट लॉक झालेल्या फाइलीही पुसते, तेव्हा ठेवायचे असेल ते आधी उतरवून घ्यावे.

आमच्या घरचा एक किस्सा आहे. माझ्या भाच्याने त्याच्या मॅकवर कार्ड लावून सगळ्या फाइली पुसल्या आणि मोकळेपणाने कार्ड परत दिले. कॅमेरा म्हणे, कार्ड भरलेले आहे. दोन दिवस आम्ही कॅमेऱ्यालाच दोष देत होतो. शेवटी उलगडा झाला की मॅकवर पुसलेल्या फाइली त्याच कार्डावरच्या एका लपलेल्या फोल्डरात जातात आणि कचरापेटी रिकामी करेपर्यंत तिथेच जागा अडवून बसतात.

भुईकोट

वर कोणी उन्हाचा विषय काढला नाही याचे आश्चर्य वाटले. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, त्यातही काचेला चिकटलेल्या कॅमेऱ्यात, तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. चांगली कार्डे ८५ अंशांपर्यंत टिकतात असे त्यांवर लिहिलेले असते, पण कॅमेऱ्यातली लिथियम बॅटरी एवढी सहनशील नसते, ती फुगते. बॅटरी निकामी झाली की गाडी बंद करताना कॅमेऱ्याची वीज एकदम तुटते आणि चालू असलेली शेवटची फाइल अर्धवट राहते, जी पुढे उघडतच नाही. त्याच बॅटरीवर कॅमेऱ्याचे घड्याळ चालत असेल तर तारीखही मागे जाते. त्यानंतर फाइलींचा क्रम बिघडतो आणि कोणती फाइल नवी, कोणती जुनी याचा पत्ता लागत नाही. म्हणून नवा कॅमेरा घेताना बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्यावा. तो फाइल नीट बंद करण्यापुरती वीज साठवतो आणि उन्हाला अधिक टिकतो.

आणखी एक. ज्यांनी पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाही कॅमेरा जागा ठेवण्याची सोय, चालू ठेवला आहे आणि गाडी नवी पेठेसारख्या वर्दळीच्या ठिकाणी उभी करतात, त्यांनी हालचाल दिसताच रेकॉर्ड करण्याचा पर्याय बंद करावा. तिथे प्रत्येक पादचारी ही एक फाइल होते.

सनद

मी वकिली करते, म्हणून थोडे वेगळे सांगते. कार्ड रिकामे कसे करावे हे आपण सर्व जण सांगत आहात. ते केव्हा मुळीच करू नये हे मी सांगते.

धागाकर्त्यांच्या बाबतीत रेकॉर्डिंगच नव्हते, पण समजा ते असते, तर सर्वप्रथम कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढणे हे काम होते. तसेच गाडी चालवत घरी गेलात तरी लूप आपले काम करत राहते. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ कार्ड पुन्हा वापरायला घेतात, ही चूक मी वारंवार पाहते. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते, त्यामुळे तिकडे पोचलेली फाइल मूळ फाइलच राहत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. पूर्वीच्या कायद्यात हेच कलम ६५ब होते. नव्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही नोंदवायचे असते. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी तो बदलतो. प्रमाणपत्राचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या प्रकरणात सविस्तर हाताळला आहे. ते प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचे, आणि वाद होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. त्यात न्यायालयाने असेही म्हटले की मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून दाखल केले, तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही. तो निकाल जुन्या कायद्याखालचा आहे, तरीही मूळ कार्ड जवळ असण्याचे मोल त्यावरून कळावे. गंभीर घटना असेल तर ते कार्ड पाकिटात घालून, तारीख लिहून कपाटात ठेवावे आणि कॅमेऱ्यात नवे घालावे.

घड्याळाबद्दल भुईकोट यांनी लिहिले ते न्यायालयातही महत्त्वाचे आहे. अपघात २०२५ चा आणि पडद्यावरची तारीख २०१८ ची असेल, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

होटगी रोड (धागाकर्ता)

सनद ताई, मनापासून आभार. एक शंका उरली आहे. जी-सेन्सर ‘कमी’ वर ठेवला, तर रिक्षाने हळूच दिलेला धक्का त्याला जाणवेल का? माझा बंपर फुटला, पण गाडी फार हलली नव्हती.

विजापूर वेस

बहुधा जाणवणार नाही, आणि ही त्या सेटिंगची खरी किंमत आहे. म्हणून कॅमेऱ्यावर हाताने लॉक करायचे बटण असते. काही घडले की ते दाबायचे, म्हणजे ती फाइल सुरक्षित. फाइली एक मिनिटाच्या असल्यामुळे धक्का मागच्या मिनिटात बसलेला असू शकतो. लगेच दाबले नाही तर भलतीच फाइल लॉक होते. तरीही घाबरू नका. नेहमीच्या फोल्डरात आता पूर्ण सव्वापाच तास मोकळे आहेत, म्हणजे आपल्या वापरानुसार दोन-अडीच दिवसांच्या आत कार्ड बाहेर काढले तरी ते रेकॉर्डिंग सापडेल. पूर्वी तीच जागा चार मिनिटांची होती.

कंबर तलाव

आणि चुकून फॉरमॅट झालेच, तर कॅमेरा लगेच बंद करावा. वरवरचे फॉरमॅट फक्त यादी पुसते, फाइली त्यांवर नवे लिहिले जाईपर्यंत बऱ्याचदा शिल्लक असतात आणि फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रामने परत मिळू शकतात. मात्र त्यानंतर गाडी जितकी जास्त चालवाल तितकी आशा कमी होत जाते.

होटगी रोड (धागाकर्ता)

शेवटचा अहवाल देतो. डिकी आपटण्याचे दोन प्रसंग चिरंजीवांना दाखवण्यासाठी उतरवून घेतले आणि कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट केले. जी-सेन्सर ‘कमी’ वर आणला, कार्डाच्या सूचनेचा आवाज पुन्हा चालू केला, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी धुताना इव्हेंट फोल्डर पाहून फॉरमॅट करायचे ठरवले. १२८ जीबीचे हाय एन्ड्युरन्स कार्ड मागवले आहे. ते आल्यावर हे जुने कार्ड गाडीच्या कप्प्यात राखीव राहील. बंपरचा खर्च मात्र माझ्याच माथी आला.

काल आठ दिवस झाले म्हणून कार्ड लावून पाहिले. तोच गतिरोधक रोज ओलांडला, तरी इव्हेंट फोल्डरात एकच जोडी होती, आणि ती चिरंजीवांनी लॉकचे बटण चालते का हे पाहण्यासाठी दाबल्याची. गाडी तेव्हा गतिरोधकाच्या अलीकडेच उभी होती, त्यामुळे त्यातही ते कुत्रे आहे.